कॉलेज सुरू व्हायच्या आधी दात पांढरे करून घ्यायचे असतील तर

मार्च संपत आला की दादरच्या माझ्या दवाखान्यात एक ठरलेली गर्दी सुरू होते. दहावीचा शेवटचा पेपर झालेला असतो, क्लासच्या नोट्स माळ्यावर गेलेल्या असतात आणि आई मुलीला पुढे करून म्हणते, "मॅडम, हिचे दात जरा पांढरे करून द्या ना, कॉलेज सुरू व्हायच्या आधी." मुलगी गप्प असते. काही विचारलं तर तोंडावर हात धरून उत्तर देते. तो हात पाहिला की मला कळतं, ही पोरगी कितीतरी दिवस वर्गात ओठ मिटून हसते आहे.

म्हणूनच "या वयात कशाला नसती थेरं" असं मी कुणाला म्हणत नाही. मुलांनाही ते खूप लागतं. पण आल्या आल्या ब्लीचिंगही, म्हणजे पेरॉक्साइडचं जेल लावून दात उजळणंही, करत नाही. दात पिवळा का झाला हे कळल्याशिवाय त्याला जेल लावायचं नाही, हा माझा नियम आहे. मुलांच्या बाबतीत तो मी आजवर मोडलेला नाही. खाली जे लिहिलं आहे ते याच क्रमाने करा. मधली पायरी गाळलीत तर पैसे तर जातातच, कधीकधी दातही दुखावतो.

आधी वय बघा

सात-आठ वर्षांच्या मुलांच्या आया फार घाबरून येतात. दुधाचे दात शुभ्र होते आणि नवे आलेले पटाशीचे दात पिवळसर दिसतात, म्हणजे काहीतरी बिघडलं असं त्यांना वाटतं. बिघडलेलं काही नसतं. कायमच्या दातात आतला डेंटिनचा थर जाड आणि पिवळट असतो, वरचं एनॅमल त्यामानाने पारदर्शक असतं, त्यामुळे आतला रंग बाहेर दिसतो. शेजारी दुधाचा पांढरा दात उभा असल्याने फरक जास्तच डोळ्यांत भरतो. शेजारचे दुधाचे दात पडले की निम्मी काळजी आपोआप मिटते.

दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असेपर्यंत सगळ्या दातांचं ब्लीचिंग करायचं नाही. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेचंही हेच मत आहे. वरचे सुळे अकराव्या-बाराव्या वर्षी येतात, त्यांच्यामागच्या दुसऱ्या दाढा बाराव्या-तेराव्या वर्षी. दात हिरडीतून वर आला तरी त्याचं मूळ पुरं व्हायला पुढे साधारण तीन वर्षं लागतात. कोवळ्या दातात नसेची पोकळी मोठी असते आणि पेरॉक्साइड काही मिनिटांतच एनॅमल-डेंटिन ओलांडून नसेपर्यंत पोचतं. तेच जेल चाळिशीच्या माणसाला थोडं शिवशिवतं आणि तेरा वर्षांच्या मुलाला सणकन कळ आणतं, ते यामुळे.

युरोपीय संघाने तर २०११ च्या निर्देशात स्पष्टच म्हटलं आहे की ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली दात पांढरे करणारी उत्पादनं १८ वर्षांखाली वापरायची नाहीत. आपल्याकडे आई-वडील आणि दंतवैद्य मिळून ठरवतात, आणि संमतीपत्रावर पालकांची सही लागते. माझा स्वतःचा शिरस्ता असा: नुसते पिवळसर पण निरोगी दात असतील तर सोळाच्या आत हात लावत नाही, आणि अठरापर्यंत थांबायची तयारी असेल तर थांबवते. डाग फ्लोरोसिसचा, म्हणजे लहानपणी पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने पडलेला असेल, मार लागून एकच दात काळवंडला असेल, तर तो आजारावरचा उपचार झाला. तिथे वयाची अट मी सैल करते.

पिवळेपणा आला कुठून

या पायरीला वेळ द्या. पहिल्या भेटीतला अर्धा तास यातच जायला हवा. डॉक्टरांनी तो दिला नाही तर तुम्ही मागून घ्या.

खिडकीपाशी उजेडात उभं राहा आणि मुलाच्या दाताला नख लावून बघा. हिरडीलगत, विशेषतः खालच्या पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला, खरखरीत पिवळा थर लागला तर ते किटण आहे. ते ब्लीचने जात नाही, खरवडूनच काढावं लागतं. दातांच्या फटीत तपकिरी रेघा असतील तर चहा, कोला, चौपाटीवरचा काला खट्टा असलं काहीतरी. दातांच्या कडेने काळी किनार दिसत असेल तर लोहाचं सिरप चालू होतं का ते आठवा. हिरड्या सुजल्या म्हणून कुणी क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं आणि ते महिनोन्‌महिने चालूच राहिलं, तर दात चक्क चॉकलेटी होतात. या सगळ्याला एक स्केलिंग, म्हणजे किटण खरवडून काढणं, आणि पॉलिश पुरतं. दात पांढरे करायला आलेली कितीतरी मुलं नुसत्या साफसफाईवर खूश होऊन घरी जातात.

"दात साफ केले की सैल होतात" ही आजीने घातलेली भीती अजून घराघरांत आहे. किटण इतकं साठलेलं असतं की दाताला त्याचाच आधार वाटत असतो. ते निघालं की फट जाणवते, एवढंच. किटण ठेवल्याने मात्र हाड झिजतं आणि दात खरोखरच हलायला लागतो.

इथे एक नाजूक प्रश्न असतो आणि तो मी पालकांना बाहेर बसवून विचारते. तंबाखू, सुपारी, मिश्री. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मुलांच्या हातात येतातच. गावाकडे सुट्टीत आजीबरोबर मिश्री लावायची सवय लागलेल्या मुलीही मी पाहिल्या आहेत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती "दात घासायची पावडर" आहे असं या मुलींना मनापासून वाटत असतं. ती सुटल्याशिवाय दात पांढरे करण्यात काही अर्थ नाही, आणि दातांपेक्षा तोंडाच्या आतल्या कातडीची काळजी आधी करावी लागते.

आता फ्लोरोसिस. दातांवर खडूसारख्या पांढऱ्या रेघा, ढगासारखे पट्टे, त्यावर तपकिरी छटा, आणि दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखंच चित्र. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांतून येतं आणि अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं. म्हणून असे डाग दिसले की माझा पहिला प्रश्न असतो, "लहानपणी कुठे होतीस गं?" उत्तर बहुतेक वेळा चंद्रपूर, यवतमाळ किंवा नांदेडकडचं एखादं गाव असतं, आणि घरी बोअरचं पाणी. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. तिथल्या कित्येक बोअरना त्याहून जास्त असतं. दात हाडात घडत असताना, म्हणजे वयाच्या आठ वर्षांपर्यंत, हे पाणी पोटात गेलं की डाग एनॅमलच्या आतच बसतो. त्यामुळे कितीही घासलं तरी तो निघत नाही. मुलीला हे सांगितलं की तिचा चेहरा बदलतो, कारण तोवर सगळ्यांनी तिला "नीट दात घासत जा" एवढंच ऐकवलेलं असतं. फ्लोरोसिसला नुसतं ब्लीचिंग पुरत नाही. सौम्य आम्ल आणि बारीक पावडर लावून वरचा अगदी पातळ थर घासायचा, मग ब्लीच करायचं, आणि उरलेल्या पांढऱ्या ठिपक्यांत पातळ रेझिन (मुरल्यावर घट्ट होणारा द्रव) मुरवायचं, असं टप्प्याटप्प्याने करावं लागतं. यात एक धीराची वेळ येते. ब्लीचिंग सुरू केल्यावर पहिले काही दिवस पांढरे ठिपके आधीपेक्षा उठून दिसतात. दात कोरडा पडल्याने तसं होतं. भोवतालचा रंग उजळला की ते त्यात मिसळतात. हे आधी सांगितलं नाही तर मुलं तिसऱ्या दिवशी रडत फोन करतात.

एकच दात काळपट असेल तर थांबा. "शाळेत पडला होता, तिसरीत असताना, पण तेव्हा काही झालं नव्हतं." झालेलं असतं. मार लागून आतली नस मरते, रक्ताचा रंग डेंटिनमध्ये उतरतो आणि वर्षांनी दात राखाडी दिसायला लागतो. आधी एक्स-रे, लागलं तर रूट कॅनल, आणि मग आतून ब्लीच. दाताच्या पोकळीत औषध भरून वरून तात्पुरतं बंद करतात, आठ-पंधरा दिवसांनी बदलतात, दोन-चार वेळा असं केलं की रंग येतो. या दाताला बाहेरून जेल लावणं म्हणजे भिंतीत ओल असताना वरून चुना मारणं. आतून करतानाही मुळाच्या तोंडाशी आडोसा घालावा लागतो आणि उष्णता द्यायची नसते, नाहीतर पुढे मूळ बाहेरून झिजायचा धोका राहतो. नंतर वर्षातून एकदा एक्स-रे काढून बघायचा.

ब्रेसेस काढल्यावर जिथे ब्रॅकेट (तार धरणारा तुकडा) चिकटवलं होतं त्याच्या भोवती पांढरी चौकट दिसत असेल, तर ती कीड लागण्याची सुरुवात असते. त्यावर आधी काही महिने फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप, आणि घासण्याची शिस्त. तारा तोंडात असताना ब्लीचिंग करायचंच नाही. ब्रॅकेटखालचा भाग तसाच राहतो आणि तारा काढल्यावर प्रत्येक दातावर एक चौकोन उरतो.

लहानपणी दिलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचे राखाडी पट्टे आता क्वचित दिसतात. असले तर महिनोन्‌महिने घरचा ट्रे (दातांच्या मापाचा, जेल भरून लावायचा साचा) लागतो, आणि तरीही पूर्ण जातील असं वचन कुणी देऊ नये.

अजून एक कारण आहे. त्याबद्दल घरी कुणी बोलत नाही. दात पातळ, कडेला काचेसारखे आणि आतून पिवळे दिसत असतील, विशेषतः वरच्या दातांच्या मागच्या बाजूला, तर पोटातलं आम्ल वारंवार तोंडात येत असतं. कधी ती ॲसिडिटी असते. कधी वजनाच्या धास्तीने मूल जेवणानंतर उलटी काढत असतं. अशा वेळी मी दातांचं सगळं बाजूला ठेवते. आईशी एकटीशी, शांतपणे बोलते. त्या मुलाला दंतवैद्यापेक्षा दुसऱ्या डॉक्टरची गरज आधी असते.

घरचे प्रयोग आजच थांबवा

लिंबू आणि खायचा सोडा, मीठ चोळणं, कोळशाची काळी पेस्ट, लाल दंतमंजन बोटाने रगडणं. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. ५.५ च्या खाली पीएच गेला की एनॅमल विरघळायला लागतं, आणि लिंबाचा रस २ च्या आसपास असतो. पहिल्या आठवड्यात दात चमकल्यासारखे वाटतात, कारण वरचा थर गेलेला असतो. मग आतलं पिवळं डेंटिन जास्त दिसतं आणि मूल आणखी जोरात घासतं. एनॅमल एकदा गेलं की परत येत नाही.

साफसफाई, आणि मग पंधरा दिवस काहीच नाही

कीड असेल तर भरून घ्या, हिरडीतून रक्त येत असेल तर ती बरी होऊ द्या. स्केलिंग झालं की लगेच दुसऱ्या दिवशी ब्लीचिंगला बसू नका. या पंधरा दिवसांत ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली, शिवशिवण्यासाठी मिळते ती टूथपेस्ट दिवसातून दोनदा वापरा. नंतरची कळ त्याने बरीच कमी होते. पंधरा दिवसांनी पुन्हा आरशात बघा. मुलाला विचारा, "अजून करायचंय?" पुष्कळ वेळा उत्तर "नको, आता ठीक आहे" असं येतं. या प्रश्नाचं उत्तर मुलानेच द्यायला हवं, आईने नाही.

सुट्टीचं गणित आधी जमवून ठेवा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साफसफाई, तिसऱ्या आठवड्यात ट्रेचं माप, मेच्या मध्यापर्यंत काम पुरं. जूनमध्ये ॲडमिशनच्या धावपळीत हे जमत नाही.

कुणाकडे करायचं

दातांवर उपचार करण्याचा अधिकार कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या दंतवैद्यालाच आहे. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, नसला तर विचारा, त्यात गैर काही नाही. माझ्या मावसबहिणीच्या मुलाने एका मॉलमधल्या काउंटरवर निळ्या दिव्याखाली बसून दात पांढरे करून घेतले होते. हिरडीला आडोसा घातला नव्हता. रात्री तो माझ्याकडे आला तेव्हा वरच्या हिरडीची कड पांढरी पडून सोलली होती, आणि पंख्याचा वारा लागला तरी तो तोंड मिटत होता. आठवड्याभरात हिरडी भरून आली. पण त्याच्या दोन दातांत कीड होती, ती त्याआधी कुणी पाहिलीच नव्हती.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहेच. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. लहान मुलांच्या दातांचा विभाग तिथे वेगळा असतो, आणि फ्लोरोसिस किंवा मार लागलेल्या दातासाठी मी स्वतः पालकांना तिथे पाठवते. वेळ लागतो, दोन-तीन खेपा होतात, पण शिकवणारे डॉक्टर दात बघतात आणि खर्च बाहेरच्या मानाने बराच कमी येतो.

कुठेही गेलात तरी एवढं विचाराच: जेल कोणतं आणि किती टक्क्यांचं, पाकिटावरची मुदत काय, एक्स-रे काढणार का, आणि नंतर कळ आली तर फोन कुणाला करायचा. साफसफाई, ट्रे आणि जेल यांचे पैसे वेगवेगळे लिहून मागा.

रंग मोजून ठेवा

दवाखान्यात रंगांची पट्टी असते, त्यात दाताच्या आकाराचे १६ नमुने. तो नमुना दाताशेजारी धरून खिडकीच्या उजेडात फोटो काढून घ्या, लिपस्टिक पुसून. घरी आरशात रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. आणि कुठे थांबायचं ते आत्ताच ठरवा. डोळ्याच्या पांढऱ्या भागापेक्षा दात पांढरे झाले की चेहऱ्यावर ते परके दिसतात. मोबाइलच्या फिल्टरमध्ये दिसतात तसे दात माणसाला नसतातच. मुलांना हे एकदा स्पष्ट सांगावं लागतं आणि ती ऐकतातही.

पुढच्या दातात फिलिंग असेल तर त्याचा रंग ब्लीचने बदलत नाही. भोवतालचा दात उजळतो आणि फिलिंग पिवळं उठून दिसतं. ते बदलून घ्यावं लागेल हे खर्चात धरा. मात्र ब्लीचिंग संपल्यावर दोन आठवडे थांबूनच बदला, कारण दातात उरलेला ऑक्सिजन नव्या फिलिंगला नीट चिकटू देत नाही.

ट्रेची पद्धत

सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी मी हीच निवडते. हळू चालते आणि कधीही थांबवता येते.

दातांचं माप घेतात, त्यावरून मऊ, पातळ, पारदर्शक ट्रे बनतो. तो हिरडीच्या कडेपाशी कापलेला हवा, हिरडीवर चढलेला नको. जेल १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं. त्यातून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. जास्त टक्क्यांचं जेल मागू नका. त्याने लवकर होतं एवढंच. शेवटचा रंग जवळपास तोच येतो आणि कळ मात्र वाढते.

पहिल्या दिवशी मी मुलालाच आरशासमोर बसवून हे करायला लावते. रात्रीचं जेवण झालं, ब्रश झाला, चूळ भरली. ट्रे कोरडा पुसायचा. सिरिंजचं टोक ट्रेच्या पुढच्या भिंतीला, जिथे दाताची बाहेरची बाजू येणार तिथे टेकवायचं आणि प्रत्येक दातापुरता तांदळाच्या दाण्याएवढा थेंब सोडायचा. मुलं हमखास जास्त घालतात, अगदी पेस्टसारखी रेघ ओढतात. मग ट्रे बसवला की जेल हिरडीवर ओघळतं आणि दुसऱ्या दिवशी हिरडी चुरचुरते. ट्रे हळूच दाबून बसवायचा. कडेने बाहेर आलेलं जेल कोरड्या कापसाने किंवा बोटाने लगेच पुसायचं, गिळायचं नाही. दोन तास घड्याळ लावून ठेवायचं. त्या वेळात पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. मग ट्रे काढून गार पाण्याने धुवायचा, चूळ भरायची, तोंडात राहिलेलं जेल बोटाने पुसून काढायचं. रात्रभर ठेवायची पद्धतही आहे, पण मुलांना मी ती पहिल्या आठवड्यात देत नाही.

दोन ते तीन आठवडे. वरचे दात आधी करा, खालचे नंतर. त्यामुळे फरक डोळ्यांना दिसत राहतो आणि मुलाचा उत्साह टिकतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गार पाणी प्यायल्यावर, कधी उगाचच बसल्या जागी, एखाद्या दातात विजेसारखी कळ येते आणि जाते. हे अपेक्षित आहे. एक दिवस सोडून एक दिवस लावा, शिवशिवण्याची ती पेस्ट ट्रेमध्ये घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. काम संपल्यावर आठवड्याभरात सगळं शांत होतं. पण एकच दात सतत ठणकत असेल, रात्री झोप मोडत असेल, चावताना दुखत असेल, तर जेल बंद आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर. गोळ्या घेऊन पुढे रेटू नका.

दवाखान्यात एका बैठकीत

२५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ओठ ताणून धरणारी क्लिप, हिरडीवर निळ्या रेझिनचा आडोसा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या. दिव्याने किंवा लेझरने फार काही जास्त साधतं असं नाही. मी अठराच्या आत हे करत नाही. बैठकीनंतर दात एकदम शुभ्र दिसतात, कारण ते कोरडे पडलेले असतात. आठ-पंधरा दिवसांत थोडे मागे येतात. म्हणून लग्नाच्या किंवा अरंगेत्रमच्या आदल्या दिवशी कुणी करून घेऊ नये.

या दिवसांत खायचं काय

इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं, पांढरं खा. आपल्या घरात हळद नसलेलं काय सापडणार, म्हणून आया हवालदिल होतात. सापडतं पुष्कळ: दहीभात, दूधपोळी, इडली, उपमा, घावन, साबुदाण्याची खिचडी, तांदळाची भाकरी आणि ओल्या नारळाची पांढरी चटणी. इतका काटेकोर नियम दवाखान्यातल्या ब्लीचिंगनंतर दोन दिवस पाळला तरी पुरे. ट्रेच्या दिवसांत वरण-भात नेहमीसारखा जेवा, फक्त नंतर चूळ भरा आणि ट्रे लावायच्या आत ब्रश करा. हळदीचं तोंड घेऊन ट्रे बसवला की ट्रेच पिवळा पडतो.

आंबट गोष्टींबाबत मात्र मी कडक आहे. मे महिना म्हणजे कैरी, कोकम सरबत, पाणीपुरी. ब्लीचिंग चालू असताना दात आधीच आंबलेले असतात, त्यात कैरी-मीठ म्हणजे मूल डोळे घट्ट मिटून घेतं. तीन आठवडे दम धरा. आमरस खा, पण खाऊन झाल्यावर लगेच दात घासू नका. आंबटानंतर एनॅमल मऊ असतं, अर्धा तास जाऊ द्या. काला खट्टा आणि कोला पूर्ण बंद. कटिंग चहा सुटत नसेल तर एका दमात पिऊन वर पाणी प्या. तासभर घोट घोट घेत बसलं की डाग बसतो.

काम झाल्यावर

दोन आठवड्यांनी त्याच खिडकीत, त्याच नमुन्याशेजारी फोटो काढा. खरा रंग तो. साधारण वर्ष ते तीन वर्षं टिकतो. सवयी कशा आहेत त्यावर आहे. पुन्हा मंद वाटला तर नवं काही करायचं नसतं. तोच ट्रे, तेच जेल, दोन-तीन रात्री. वर्षातून एकदापेक्षा जास्त वेळा मूल ट्रे मागायला लागलं, दात पांढरे असूनही आरशापुढून हलेना, तर जेल देऊ नका. त्याच्याशी बसून बोला.

ज्या मुलीचं मी सुरुवातीला लिहिलं, ती लहानपणी यवतमाळकडे होती. तिचं ब्लीचिंग सुरू करायला मला दीड महिना लागला. मधल्या काळात साफसफाई आणि वरचा थर घासणं झालं. शेवटच्या फोटोत तिच्या दातांवर दोन फिकट पट्टे अजून आहेत. मी विचारलं, "हेही घालवायचेत का?" ती म्हणाली, "राहू देत, मॅडम." उत्तर देताना हात मांडीवर होता.

ट्रे झाकणाच्या डबीत कोरडा ठेवा. गरम पाण्याने धुतला तर आकार बिघडतो आणि मग तो बसत नाही. उरलेल्या सिरिंजवर मुदतीची तारीख ठळक लिहून त्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात, धाकट्या भावंडांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. आणि मैत्रिणीने मागितला तरी ट्रे द्यायचा नाही. तो एकाच तोंडाच्या मापाचा असतो, दुसऱ्याच्या हिरडीवर जेल सांडतं.